परसातल्या जवसाचा धागा: वाख तुटतो का आणि चिकटतो का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळ घरामागे तीन बाय चार मीटर मोकळी जागा आहे. गेल्या हिवाळ्यात किराणा दुकानातला जवस एकेक फुटाच्या ओळींत पेरला. झाडं गुडघ्याएवढी झाली, फांद्या भरपूर फुटल्या. बोंडं पूर्ण वाळल्यावर विळ्याने कापणी केली आणि मार्चअखेर काड्या कुजवण्यासाठी ड्रममध्ये बारा दिवस भिजवल्या. निघालेला वाख, म्हणजे काडीचा लांब धागा, एकीकडे ओढला की तुटतो, दुसरीकडे काडीला चिकटून राहतो. चूक बियाण्याची की कुजवण्याची, आणि यंदा काय बदलायचं?

एकाच ड्रममध्ये काही वाख जास्त कुजला आणि काही कच्चा राहिला, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण आहे. काड्या एकसारख्या नव्हत्या. बुडाशी पेन्सिलीसारखी जाड आणि फांद्यांशी सुतळीसारखी बारीक काडी एकाच पाण्यात एकाच दिवशी तयार होणं शक्यच नाही. धाग्यासाठी जवस लावायचा म्हणजे पेरणीपासून ड्रमपर्यंत एकच गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे काड्यांचा सारखेपणा. बियाण्याचा दोष आहे, पण तो पेरणी आणि कुजवणीनंतर, तिसऱ्या क्रमांकाचा.

आधी काडीच्या आत काय असतं ते पाहू, म्हणजे पुढची पथ्यं पाठ करावी लागणार नाहीत. काडी आडवी कापून भिंगाखाली धरली तर बाहेर पातळ साल दिसते, तिच्या आत धाग्यांच्या जुड्यांचं कडं आणि मध्ये लाकडी गाभा. प्रत्येक जुडी बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड दिसते, पण ती बनलेली असते दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या बारीक तंतूंची, एकाला एक खेटून पेक्टिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने चिकटवलेल्या. कुजवताना जिवाणू आधी जुडी आणि गाभा यांमधलं पेक्टिन खातात. तिथे थांबलं तर हातभर लांब वाख सुटा होतो. थांबलं नाही तर जिवाणू जुडीच्या आतलं पेक्टिनही खातात आणि हातात दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे येतात. तुमचा वाख तुटला तो असा. आणि जिथे फांदी फुटते तिथे जुड्या फाटून फांदीत शिरतात, म्हणून फांद्यांच्या झाडातून लांब धागा निघतच नाही, कितीही नीट कुजवा.

फांद्या फुटू नयेत यासाठी एकच उपाय आहे, दाट पेरणी. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जवस तेलासाठी आणि चटणीसाठी होतो. तिथे हेक्टरी 25 ते 30 किलो बी ओळींत पेरतात, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम तीन ग्रॅम. ते बरोबरच आहे, कारण त्यांना बोंडं हवीत आणि बोंडं फांद्यांवर लागतात. धाग्याला याच्या पाच-सहा पट बी लागतं. चौरस मीटरला साधारण 1,800 रोपं उभी राहिली पाहिजेत. आपल्या जवसाचे हजार दाणे साधारण सात ग्रॅम भरतात. उगवण आणि थोडी मर धरली तर चौरस मीटरला 17-18 ग्रॅम बी घाला. तुमच्या बारा चौरस मीटरला 200 ग्रॅम पुरे. युरोपीय धाग्याच्या जातींचं बी बारीक असतं, तिथे 12-13 ग्रॅम पुरतं. पेरणी जमली की नाही हे पंधराव्या दिवशी तपासता येतं. तारेची दहा बाय दहा सेंटिमीटरची चौकट करा, वाफ्यात पाच-सहा ठिकाणी टेकवा आणि आतली रोपं मोजा. 15 ते 20 भरली तर ठीक. दहाच्या खाली असतील तर फांद्या फुटणार. पंचवीसच्या वर गेली तर काड्या दोऱ्यासारख्या होऊन पहिल्या वाऱ्याला लोळतील. उपटायच्या वेळी काडी उदबत्तीच्या बांबूकाडीपेक्षा किंचित जाड, दीड ते दोन मिलिमीटरची असावी.

किराणा दुकानातला जवस अगदीच टाकाऊ नाही. तो भाजलेला नाही ना हे पाहा. मग पन्नास दाणे ओल्या फडक्यावर पसरून चार-पाच दिवस ठेवा. 42-43 तरी उगवले पाहिजेत. मात्र तो तेलाच्या जातींचा असतो. दाटीत फांद्या कमी होतात, पण उंची साठ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. नागपूरच्या एनएल-97, एनएल-260 किंवा लातूरच्या एलएसएल-93 यांचंही तेच, त्या बियांसाठी निवडलेल्या जाती आहेत. मिळालं तर गौरव, शिखा, रश्मी, पार्वती, जीवन यांपैकी एखादं बियाणं घ्या. या उत्तरेकडच्या दुहेरी उपयोगाच्या जाती आहेत, बी आणि धागा दोन्हींसाठी काढलेल्या. पश्चिम बंगालात बराकपूरला तागावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, ती धाग्याच्या जवसावरही काम करते. तिथे बियाण्याची चौकशी करता येईल. मेलिना, हर्मिस, एरियान अशा युरोपीय जाती तिकडे मीटरभर होतात, पण परदेशातून टपालाने बी मागवणं इतकं सोपं नाही. वनस्पती-संगरोधाचा (क्वारंटाइनचा) परवाना लागतो.

वेळ. जवसाला थंडी हवी. नाशिक, पुणे, विदर्भात ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, या तीन आठवड्यांत पेरा. उशीर केला तर फेब्रुवारीच्या उन्हात झाड घाईघाईने फुलतं आणि उंची राहून जाते. कोकण-गोव्यात हिवाळाच कोमट, तिथे अपेक्षा बेताच्या ठेवा. इंग्लंड, नेदरलँड्स किंवा अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या मंडळींचं गणित उलटं: मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पेरायचं, जुलैत उपटायचं. फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीवर हेच चालतं, आणि जगातला बहुतेक लांब धाग्याचा जवस तिथलाच असतो.

जमीन तयार करताना शेणखत घालण्याचा मोह आवरा. ताजं खत आणि जास्तीचं नत्र मिळालं की काडी जाड, पोकळ होते आणि पीक लोळतं. मागच्या पिकाला दिलेलं खत बहुधा पुरतं. जमीन अगदीच हलकी असेल तर चांगलं कुजलेलं कंपोस्ट चौरस मीटरला एक-दीड किलो, पेरणीच्या महिनाभर आधी. माती पाच-सात सेंटिमीटर खोलीपर्यंत रव्यासारखी भुसभुशीत आणि सपाट हवी. बी ओलं करू नका. जवसाच्या दाण्यावर पाणी पडलं की बुळबुळीत थर सुटतो आणि दाण्यांचे गठ्ठे होतात. कोरड्या बियात दुप्पट कोरडी वाळू मिसळा, दोन भाग करा, एक भाग उभा फेका, दुसरा आडवा. दाताळ्याने हलकेच मातीत मिसळा. बी दीड सेंटिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. वरून पायाने किंवा फळीने दाबा. काळ्या मातीत एक अडचण हमखास येते. पहिल्या पाण्यानंतर वरचा थर पापडासारखा कडक होतो आणि कोंब खालीच अडकतात. त्यासाठी वर अर्धा सेंटिमीटर चाळलेलं कंपोस्ट पसरा आणि उगवेपर्यंत झारीने रोज थोडं पाणी द्या. पाट सोडून पाणी दिलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. पारवे आणि चिमण्या पहिले आठ-दहा दिवस वाफा सोडत नाहीत, तेव्हा जाळी लावा.

वाफ्याच्या आकाराबद्दल एक गोष्ट. कडेच्या झाडांना एका बाजूने उजेड मिळतो, म्हणून ती फांदळतातच. एक बाय एक मीटरचा वाफा म्हणजे जवळजवळ सगळी कडच. म्हणून बारा चौरस मीटरचे चार तुकडे पाडू नका, एकच सलग वाफा करा. चारही बाजूंची वीतभर कड बियांसाठी राखा. ती तशीही धाग्याच्या कामाची नाही, आणि चटणीचा जवस तिथून मिळतो.

रोप बोटभर झालं की एकदाच खुरपणी. या वयात झाड पायाखाली दबलं तरी पुन्हा उभं राहतं. त्यानंतर वाफ्यात पाय ठेवू नये. आयर्लंड-बेल्जियममध्ये निंदणाऱ्या बायका अनवाणी, वाऱ्याकडे तोंड करून पुढे सरकत, म्हणजे आडवी झालेली रोपं नंतर वाराच उभी करी. अमरवेलीचा पिवळा दोरा दिसला तर तेवढी झाडं अमरवेलीसकट उपटून जाळा. ही वेल बियाण्याबरोबर येते. पाणी जमिनीप्रमाणे दर बारा-पंधरा दिवसांनी, फुलं येईपर्यंत. त्यानंतर अगदी हात राखून. फूल पन्नास-साठ दिवसांत येतं, सकाळी निळं उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. त्याच सुमारास अवकाळी पाऊस आणि वारा आला तर उभं पीक झोपतं, आणि झोपलेली काडी वाकडी वाढते. म्हणून रोपं तीस सेंटिमीटरची असतानाच खुंट्या ठोकून चाळीस सेंटिमीटर उंचीवर सुतळीची जाळी आडवी बांधा, साधारण वीतभराच्या चौकटींची. झाडं तिच्यातून वर येतात.

रोगांपैकी भुरी जानेवारीत येते. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन-अडीच ग्रॅम फवारलं की आटोक्यात येते. कळीत शिरणारी गादमाशी बियांचं नुकसान करते, धाग्याचं नाही. तिच्यामागे धावू नका. मर रोग मात्र गंभीर आहे. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून त्याच जागेवर पाच-सहा वर्षं जवस घेऊ नये. गेल्या वर्षीचा वाफा यंदा सोडाच; बारा चौरस मीटरचं सगळं गणित तेवढ्याच दुसऱ्या जागेसाठी धरा.

आता काढणी. कापायचा नाही, उपटायचा. विळ्याने कापलं की बुडाचे चार-पाच सेंटिमीटर जमिनीत राहतात आणि कापलेलं तोंड उघडं पडून कुजताना आधी खराब होतं. शिवाय काड्यांची बुडं एका रेषेत राहत नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक कामात त्याचा त्रास होतो. वेळेची खूण अशी: झाडाचा खालचा तिसरा हिस्सा पिवळा पडलेला, खालच्या अर्ध्या भागाची पानं गळालेली, बोंडं हिरवट-पिवळी, पुढची काही तपकिरी व्हायला लागलेली. फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याने ही अवस्था येते, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारीत. याआधी उपटलं तर वाख रेशमासारखा पण अशक्त. तुमच्यासारखं बोंडं पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर जाड आणि राठ. मूठभर काड्या मध्यावर धरून सरळ वर ओढा, मुळांची माती झटका आणि उंच-बुटक्या काड्या तिथल्या तिथे वेगळ्या करा. निवडायला हीच वेळ सोपी. मनगटाएवढ्या पेंढ्या बांधून उभ्या वाळवा, सात-आठ दिवस. मग फळीवर ठोकलेल्या खिळ्यांच्या फणीतून शेंडे ओढून बोंडं गाळा. जनावरांना हिरवा जवस किंवा ही काडी घालू नका, त्यात सायनाइड सुटू शकणारी द्रव्यं असतात.

युरोपात काड्या शेतातच पसरून दवावर कुजवतात. दोन-तीन आठवड्यांपासून सहा आठवड्यांपर्यंत लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दव नाही, हवा कोरडी, काडी नुसती भाजून निघते. म्हणून पाण्यातच कुजवावं, अंबाडी कुजवतात तसं, पण अंबाडीपेक्षा फार बारीक लक्ष ठेवून. 200 लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या. लोखंडी नको, वाखावर काळे डाग येतात. चार-पाच किलो वाळक्या काड्यांच्या पेंढ्या सैलसर, मुळं खाली करून उभ्या ठेवा. घट्ट कोंबल्या तर मधली पेंढी कच्ची राहते. वर लाकडी चाळण आणि दगड, पाणी काड्यांच्या वर चार बोटं. नळाचं क्लोरीनचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. पहिलं पाणी बारा ते चोवीस तासांनी चहासारखं तांबडं होतं, ते सगळं काढून टाका आणि नवीन भरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात आणि वास सुटतो; त्यानंतर रोज बादलीभर पाणी बदला.

किती दिवस, हे पाण्याच्या उष्णतेवर आहे. पाणी 18-20 अंश असेल तर आठ-दहा दिवस, 25 असेल तर पाच-सहा, 30 च्या आसपास तीन-चारच. मार्चअखेर उन्हात ठेवलेल्या ड्रममधलं पाणी तीस ओलांडतं. तिथे बारा दिवस म्हणजे वाखाचा चिखल होणारच. ड्रम सावलीत ठेवा आणि काम फेब्रुवारीतच उरका. कॅलेंडर बघून पेंढी बाहेर काढू नका, काडी बघून काढा. बुडबुडे सुरू झाल्यावर सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या पेंढ्यांतल्या चार-पाच काड्या घ्या, थोड्या जाड, थोड्या बारीक. काडी दोन ठिकाणी मोडा, वीतभर अंतर ठेवून, पण साल तोडू नका. मधला लाकडी तुकडा बुडाकडे खेचा. तो धागा न ओढता अलगद निसटला तर झालं. निसटताना तंतू ओरबाडून नेत असेल तर आणखी थांबा. या टप्प्यावर दहा-बारा तासांचा फरक मोठा असतो, म्हणून रात्री झोपण्यापूर्वीची तपासणी चुकवू नका. शंका असेल तर थोडं कच्चं असताना बाहेर काढा. वाळवून पुन्हा भिजवता येतं, जास्त कुजलेलं परत आणता येत नाही.

वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, तो गटारासारखाच असतो. ते पाणी विहिरीत, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका. त्यातली सेंद्रिय घाण पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. चार-पाच पट साधं पाणी मिसळून मोठ्या झाडांच्या आळ्यात जिरवा.

पेंढ्या निथळवून, एकदा साध्या पाण्यात बुचकळून, बुडं पसरवून खोपीसारख्या उभ्या करा. काडी कडकडीत वाळली पाहिजे. पुढची सगळी कामं मे संपायच्या आत उरका, कारण पावसाळी हवेत जवसाची काडी ओल धरते आणि गाभा मोडायचा सोडून नुसता वाकतो. त्याचा दोष मग कुजवण्यावर येतो. मोडणी भर दुपारी, काड्या तासभर उन्हात तापवून करा.

मोडणीसाठी सुतार बोलावण्याची गरज पहिल्या वर्षी नाही. लाकडी पाटाच्या कडेवर मूठभर काड्या धरून कपडे धुण्याच्या धोपाटण्याने ठोकत, मूठ सरकवत गेलं की गाभ्याचा चुरा होतो. पुढे करायचंच असेल तर तीन फळ्या कडेवर उभ्या, मध्ये दोन-दोन सेंटिमीटरच्या फटी, आणि त्या फटींत बसणाऱ्या दोन फळ्या वरून बिजागरीने जोडलेल्या, एवढंच ते यंत्र. फळ्यांच्या कडा गोलसर हव्यात. धारदार राहिल्या तर गाभ्याबरोबर वाखही कापला जातो. मग वाख उभ्या फळीवरून अर्धा लोंबता सोडून लाकडी पट्टीने वरून खाली घासत मारा, म्हणजे भुसकट झडतं. या कामाची धूळ फुफ्फुसाला वाईट असते, गिरण्यांतल्या कामगारांना तिच्याने दम्यासारखा आजार होत असे. नाकाला नुसतं फडकं बांधून भागत नाही, एन-95 मास्क लावा आणि काम उघड्यावर करा.

शेवटी विंचरणी. तीन फण्या लागतात: पहिलीत खिळे अडीच सेंटिमीटर अंतरावर, दुसरीत सव्वा, तिसरीत सहा-सात मिलिमीटर. फळीला आधी भोकं पाडून खिळे ठोका, नाहीतर फळी फुटते. टोकं कानशीने तासून घ्या. तिसऱ्या फणीऐवजी कुत्र्याचे केस विंचरायचा स्टीलचा कंगवाही चालतो. वाखाची बट बोटांना गुंडाळून घट्ट धरा आणि नुसती टोकं खिळ्यांवर टाकून ओढा. मग थोडं आत, आणखी थोडं आत. सुरुवातीलाच मध्यावर टाकली तर सगळी बट खिळ्यांत अडकते आणि तुटते, लांब केसांत कंगवा वरून घातल्यासारखं. फणीत जो गुंता राहतो तो फेकू नका. त्याचा जाडसर धागा निघतो, सुतळी वळता येते, उशी भरता येते.

किती मिळेल? सगळं जमलं तर बारा चौरस मीटरमधून चार ते सहा किलो वाळक्या काड्या, त्यातून दोनशे-तीनशे ग्रॅम लांब वाख आणि जवळजवळ तेवढाच गुंता. पहिल्या वर्षी लांब वाख शंभर-दीडशे ग्रॅमवर आला तरी काम बिघडलं असं समजू नका. शर्टाचं स्वप्न दोन-तीन हंगाम पुढे ढकला. एक टॉवेल होईल.

कातायला टकळी पुरते, पण कापसाच्या पेळूची सवय इथे मोडावी लागते. वाख लांब, त्यामुळे तो पातळ पसरून एखाद्या काठीला सैल गुंडाळतात आणि खालून थोडा-थोडा ओढतात. बोटं सतत पाण्यात बुडवत राहा. कोरडं कातलं तर सूत केसाळ होतं, ओलं कातलं की तंतू बसतात. पाण्यात चमचाभर जवस उकळून गाळून घेतलं तर त्याचा बुळबुळीतपणा हेच काम आणखी चांगलं करतो. कातलेल्या सुताच्या लडी लिटरला सात-आठ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर मंद उकळा. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. पाणी तपकिरी होतं, ते ओतून दुसऱ्यांदा उकळलं की सूत मऊ पडतं. पांढरं हवं असेल तर लडी ओल्या करून आठ-दहा दिवस उन्हात गवतावर पसरा आणि रोज सकाळी पाणी शिंपडा.